दोन देशांच्या फटीत सापडलेली माणसे : चेक रोमांच्या नागरिकत्वाची कहाणी

१/ ३१ डिसेंबर १९९२ च्या मध्यरात्री चेकोस्लोवाकिया हा देश नकाशावरून नाहीसा झाला. एकही गोळी सुटली नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रनो शहरातील तुगेन्दहात बंगल्यात वात्स्लाव क्लाउस आणि व्लादिमिर मेचियार या दोन नेत्यांनी विभाजनाचा निर्णय जवळजवळ पक्का केला होता. सार्वमत घेतले गेले नाही. संघराज्याची मालमत्ता लोकसंख्येच्या प्रमाणात, दोनास एक अशी वाटली गेली. युगोस्लाव्हिया त्या वेळी पेटलेला होता, त्यामुळे या शांत वाटणीचे जगभर कौतुक झाले आणि तिला 'मखमली घटस्फोट' असे नाव पडले.

मालमत्तेची वाटणी सोपी होती. माणसांची वाटणी कशी झाली, त्यात कोण कोणत्याच वाट्याला आले नाही, आणि ती चूक निस्तरण्यासाठी मूठभर वकील व कार्यकर्ते सहा-सात वर्षे कागदांशी कसे झगडले, हा आजच्या धाग्याचा विषय आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ आधी रोमांविषयी थोडे. युरोपातील हा समाज मुळात भारतीय उपखंडातून पश्चिमेकडे गेला, हे त्यांच्या भाषेवरून अठराव्या शतकातच अभ्यासकांच्या ध्यानात आले. रोमानी भाषेत दोन म्हणजे 'दुय', तीन म्हणजे 'त्रिन', पाच म्हणजे 'पांज'. पाण्याला 'पानी', नाकाला 'नाख', माणसाला 'मानुश'. मराठी माणसाला शब्दकोशाची गरज पडू नये, इतके हे शब्द ओळखीचे आहेत. सात आणि आठ मात्र 'एफ्ता' व 'ओख्तो' होतात, कारण वाटेत ग्रीक भाषकांच्या प्रदेशात मोठा मुक्काम घडला होता. स्थलांतराचा मार्ग असा आकड्यांत कोरलेला आहे.

३/ चेक भूमीवर रोमांच्या कागदपत्रांचा आणि संशयाचा संबंध जुना आहे. १९२७ साली लोकशाहीवादी चेकोस्लोवाक प्रजासत्ताकाने 'भटक्या जिप्सीं'विषयी ११७ क्रमांकाचा कायदा केला. रोमांना वेगळी ओळखपत्रे देण्यात आली, फिरण्यावर परवान्याचे बंधन आले. आपल्याकडील १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ज्यांनी वाचला आहे, त्यांना या दोन्ही कायद्यांच्या मागचा विचार एकाच मुशीतला वाटेल. यातील नोंदी पुढे नाझी राजवटीच्या हाती आयत्याच पडल्या.

४/ नाझी ताब्यातील चेक भागात, म्हणजे बोहेमिया आणि मोराव्हियात, सुमारे साडेसहा हजार रोमा राहत होते. लेटी आणि होदोनिन येथे त्यांच्यासाठी छावण्या उभारल्या गेल्या. लेटीच्या छावणीवर पहारा चेक शिपायांचाच होता. तेथे सुमारे १,३०० माणसे डांबली गेली, त्यांतील तीनशेहून अधिक तेथेच मेली आणि उरलेल्यांतील बहुतेकांना आउशवित्झला पाठवण्यात आले. युद्ध संपल्यावर छावण्यांतून जिवंत परतलेल्या चेक रोमांची संख्या सहाशेहूनही कमी होती.

हा आकडा लक्षात ठेवा. १९९३ मध्ये जे घडले त्याचे मूळ या आकड्यात आहे.

५/ कारण युद्धानंतर चेक प्रदेशात जे रोमा राहू लागले, ते बहुतांशी दुसरीकडून आलेले होते. सुमारे तीस लाख जर्मन भाषकांना देशाबाहेर घालवल्यामुळे सीमावर्ती प्रदेश ओस पडले होते; खाणी, कारखाने आणि बांधकामे यांना हात हवे होते. ते हात पूर्व स्लोवाकियातील दरिद्री रोमा वस्त्यांतून आले. उस्ती नाद लाबेम, मोस्त, ओस्त्रावा या औद्योगिक शहरांत रोमांच्या वस्त्या वाढल्या. कोणी स्वतःहून आले, कोणाला सरकारने आणले. १९५८ च्या कायद्याने भटके जीवन दंडनीय ठरवले. १९६५ पासून तर रोमांना स्लोवाकियातील वस्त्यांतून काढून चेक जिल्ह्यांत 'विखुरण्याची' अधिकृत योजनाच राबवली गेली.

तेव्हा हे सारे एकाच देशातील एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे होते. विदर्भातून मुंबईच्या गिरणीत यावे तसे.

६/ आता कायद्याचा तो बारीक धागा, ज्यात पुढे हजारो माणसे अडकली. १९६८ च्या घटनात्मक बदलांनी १ जानेवारी १९६९ पासून चेकोस्लोवाकिया संघराज्य झाले. प्रत्येक नागरिकाला चेकोस्लोवाक नागरिकत्वाखेरीज आणखी एक, घटकराज्याचे, नागरिकत्व चिकटले : चेक किंवा स्लोवाक. पंधरा वर्षांवरील माणसांना ते जन्मस्थानावरून मिळाले. त्याहून लहान मुलांना आईवडिलांवरून. ते बदलून घेण्याची मुभा १९६९ च्या अखेरपर्यंत होती.

ती मुभा घेण्याचे सामान्य माणसाला काहीच कारण नव्हते. या दुय्यम नागरिकत्वावर ना मतदान अवलंबून होते, ना नोकरी, ना घर. ते ओळखपत्रावरही छापले जात नसे. पुष्कळांना आपल्याला असे काही नागरिकत्व आहे, याचा पत्ताच नव्हता. चोवीस वर्षे ती नोंद दप्तरात निजून राहिली.

७/ समजा, एक जोडपे. दोघेही १९४० च्या दशकात पूर्व स्लोवाकियात जन्मलेले, साठच्या दशकात मोस्तच्या कोळसा खाणपट्ट्यात कामाला आलेले. त्यांना १९७२ साली मोस्तमध्ये मुलगी झाली. ती तेथेच वाढली, चेक शाळेत शिकली, चेक बोलते, स्लोवाकिया तिने पाहिलेलाही नाही. कायद्याच्या हिशेबी आईवडील स्लोवाक, म्हणून तीही स्लोवाक. १९९२ पर्यंत या गोष्टीचा तिच्या आयुष्याशी काडीचा संबंध नव्हता.

१ जानेवारी १९९३ च्या सकाळी ती जन्मगावी परदेशी नागरिक म्हणून उठली.

८/ हा अपघात होता काय? पूर्णतः नाही. देश मोडण्याच्या तीन दिवस आधी, २९ डिसेंबर १९९२ रोजी, प्रागमधील चेक राष्ट्रीय परिषदेने नागरिकत्वाचा कायदा संमत केला. तो १९९३ चा कायदा क्रमांक ४० म्हणून ओळखला जातो. (गंमत अशी, की स्लोवाकियाच्या नागरिकत्व कायद्याचा क्रमांकही १९९३ चा ४० हाच आहे. संदर्भ तपासताना नवखे अभ्यासक येथे हमखास ठेचकाळतात.) दोन्ही राज्यांनी जुन्या दुय्यम नागरिकत्वालाच आधार धरले. तुमच्या नोंदीत चेक असेल तर तुम्ही आपोआप चेक. स्लोवाक असेल तर अर्ज करा.

९/ अर्जाच्या अटी अठराव्या कलमात होत्या. चेक भूमीवर किमान सलग दोन वर्षे कायम वास्तव्य हवे. स्लोवाक नागरिकत्वातून मुक्त झाल्याचा कागद हवा. आणि मागील पाच वर्षांत हेतुपुरस्सर केलेल्या कोणत्याही गुन्ह्यासाठी शिक्षा झालेली नसावी. मुदत १९९३ च्या अखेरपर्यंत. ती पुढे ३० जून १९९४ पर्यंत वाढवली गेली.

स्लोवाकियाने उलट बाजूने अशी गुन्ह्याची अट घातली नाही. जुन्या संघराज्याच्या ज्या नागरिकाला स्लोवाक व्हायचे असेल, त्याला १९९३ च्या अखेरपर्यंत दार मोकळे होते.

१०/ सरकारची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. कायद्यात रोमा हा शब्द एकदाही येत नाही. नेहमीच्या परदेशी माणसाला नागरिकत्वासाठी पाच वर्षे थांबावे लागे, तेथे स्लोवाकांना दोन वर्षांत सवलत दिली होती. तीन लाखांहून अधिक स्लोवाक नागरिकांनी याच मार्गाने चेक नागरिकत्व घेतलेही, आणि त्यांत असंख्य रोमा होते. प्रागचे म्हणणे असे, की अटी सर्वांना सारख्या आहेत. आणि ज्याला चेक नागरिकत्व मिळाले नाही तो स्लोवाक आहेच, मग तो राज्यविहीन कसा?

११/ हा युक्तिवाद कागदावर नीट बसतो. पण अट सर्वांना सारखी असली तरी तिचा भार सारखा पडत नाही, आणि कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे मानणे कठीण जाते. विभाजनाच्या सुमारास 'स्लोवाकियातून रोमांचे लोंढे येतील' ही भीती चेक राजकारणात उघड बोलली जात होती. उत्तर बोहेमियातील यिर्कोव्ह या गावाने १९९२ च्या अखेरीस गर्दीच्या घरांतून माणसे बाहेर काढण्याचे अधिकार देणारा उपविधी केला; तो कोणाकडे रोखलेला होता, हे गावात सर्वांना कळत होते.

१२/ आता अटी एकेक करून रोमा वस्तीच्या दृष्टीने वाचा.

कायम वास्तव्य : कामगार वसतिगृहांत राहणाऱ्यांच्या नोंदी पुष्कळदा 'तात्पुरत्या' असत. वीस वर्षे चेक शहरात राबलेला माणूस कागदावर अजून स्लोवाकियातील आपल्या खेड्यात 'राहत' असे.

गुन्ह्याची अट : येथे किरकोळ चोरीही मोजली जाई. पाच वर्षे मागे मोजली की आपण १९८८-८९ मध्ये, साम्यवादी राजवटीत, जाऊन पोहोचतो. त्या राजवटीत नोकरी नसणे हाही 'परोपजीवी जीवन' या नावाचा गुन्हा होता. तो १९९० मध्ये रद्द झाला. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की ज्याने गुन्हा केला त्याने तो स्वतःच्या देशात, नागरिक म्हणून केला होता. त्याची शिक्षाही भोगली होती. नागरिकत्व हिरावणे ही त्यावर मागाहून चढवलेली दुसरी शिक्षा झाली. अमेरिकी काँग्रेसशी संलग्न असलेल्या हेलसिंकी आयोगाने १९९६ च्या अहवालात नेमका हाच पूर्वलक्षी शिक्षेचा मुद्दा उचलला.

१३/ तिसरी अट मात्र खास सरकारी कचेरीच्या विनोदबुद्धीची आहे. स्लोवाक नागरिकत्व सोडल्याचा कागद आणायचा, तर आधी ते आपल्यापाशी आहे हे सिद्ध करायला हवे. म्हणजे जे नागरिकत्व आपल्याला आहे हे काल कळले, त्याचा पुरावा परदेशातून मिळवायचा, तो केवळ ते टाकून देण्यासाठी. त्यासाठी आपला जन्मदाखला, आईवडिलांचे जन्मदाखले, विवाहाचा दाखला. आणि हे सर्व स्लोवाकियातील अशा कचेऱ्यांतून, जेथे जाण्यायेण्याचा खर्चही बेकार माणसाला परवडणारा नव्हता.

एक तुकडा हरवला की साखळी तुटे. आणि काही जणांचे त्याहून वाईट झाले. त्यांनी स्लोवाक नागरिकत्व सोडले, पण चेक नागरिकत्व नाकारले गेले. असा माणूस कोणत्याही व्याख्येने राज्यविहीनच.

१४/ नागरिकत्व नसले तर नक्की काय अडते, असा प्रश्न तरुण वाचकांना पडेल. मतदान गेले, हे उघड आहे. पण 'परदेशी' माणसाला राहण्याचा परवाना लागतो; तो नसेल तर नोकरीची नोंदणी, सामाजिक भत्ते, सरकारी घर, सगळेच डळमळते. आणि परदेशी माणसाला न्यायालय एक शिक्षा देऊ शकते जी नागरिकाला देता येत नाही : हद्दपारी. चेक न्यायालयांनी ती स्लोवाक नागरिकांना दिली, त्यांत चेक भूमीवरच आयुष्य घालवलेले रोमाही होते, आणि त्यांतील काहींचे गुन्हे फुटकळ चोरीच्या पातळीचे होते. ज्या गावात कोणी ओळखीचे नाही, अशा 'मायदेशी' त्यांनी जावे अशी अपेक्षा होती.

१५/ येथे विधिसाहाय्याचा प्रवेश होतो. प्रागमधील टॉलरन्स फाउंडेशन या छोट्या संस्थेने अडलेल्या रोमांची एकेक प्रकरणे गोळा करायला सुरुवात केली. १९९४ च्या मे महिन्यात तिने ९९ प्रकरणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्या वेळी या विषयावर दोन्ही बाजूंनी केवळ ठोकताळे फेकले जात होते. सरकार म्हणे, अडचण मूठभर लोकांची आहे. टीकाकार हजारोंचे आकडे सांगत. ९९ ही संख्या लहान होती, परंतु प्रत्येक ओळीमागे जन्मतारीख, जन्मस्थान, वास्तव्याची वर्षे आणि नकाराचे कारण होते. चेक भूमीवर वर्षानुवर्षे, कित्येकदा जन्मापासून, राहिलेली माणसे बाहेर फेकली जात आहेत, हे आता नाकारता येईना.

१६/ आकड्यांच्या त्या वादात एक मेख होती आणि ती इतिहासाच्या अभ्यासकांनी जरूर लक्षात ठेवावी. सरकारी आकडेवारीत लेखी नकार मोजला जात होता. पण ज्याला खिडकीवरच 'तुला शिक्षा झालेली आहे, अर्ज करून उपयोग नाही' असे सांगून परत पाठवले, त्याचा कोठेही कागद होत नव्हता. जो भीतीने कचेरीची पायरीच चढला नाही, त्याचाही नाही. दप्तर चाळून इतिहास लिहिणाऱ्याला ही माणसे कधीच सापडणार नाहीत.

म्हणून अशा मदतीतील पहिली पायरी अगदी साधी असते : अर्ज तोंडी नाकारू देऊ नका, तो दाखल करा आणि नकार असेल तर लेखी घ्या. लेखी नकाराविरुद्ध दाद मागता येते. खिडकीवरच्या वाक्याविरुद्ध नाही.

१७/ न्यायालयीन लढाईही झाली. संसदेतील काही सदस्यांनी अठराव्या कलमाला आव्हान दिले. सप्टेंबर १९९४ मध्ये घटना न्यायालयाने ते फेटाळले. आपले नागरिक कोण असावेत याच्या अटी ठरवणे हा सार्वभौम राज्याचा अधिकार आहे, असा निकालाचा रोख होता. तोपर्यंत सवलतीच्या अर्जाची मुदतही उलटून गेली होती. ज्यांना मोठ्या निकालाची आस होती त्यांना हा जबर धक्का होता. यापुढे जे काही मिळवायचे ते दोनच मार्गांनी : एकेका माणसाचे प्रकरण चिवटपणे लढवून, आणि बाहेरून दबाव आणून.

१८/ बाहेरचा दबाव १९९६ मध्ये एकदम दाटला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने चेक व स्लोवाक नागरिकत्व कायदे आणि राज्यविहीनता यांवर अहवाल दिला. युरोपीय परिषदेच्या तज्ज्ञांनीही कायदा तपासला. (युरोपीय परिषद म्हणजे युरोपीय संघ नव्हे, ही स्ट्रासबर्गमधील, मानवाधिकारांसाठीची जुनी संघटना.) ह्युमन राइट्स वॉचचा अहवाल त्याच वर्षीचा. सर्वांचे बोट मुख्यतः गुन्ह्याच्या अटीवर होते. हा कायदा म्हणजे सर्वसामान्य परदेशी माणसाला नागरिकत्व देण्याचा प्रश्न नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. देश फुटतो तेव्हा तेथे राहणाऱ्या माणसाला नवागत म्हणून पारखता येत नाही. तो आधीपासून घरातलाच असतो.

१९/ एप्रिल १९९६ मध्ये कायदा सुधारला, पण अर्धाच. अट रद्द झाली नाही. ती शिथिल करण्याचा अधिकार गृहमंत्रालयाला मिळाला.

मला या कहाणीतील हा टप्पा सर्वांत बोधक वाटतो. हक्क आणि मेहेरबानी यांतील अंतर येथे उघडे पडते. मंत्रालय अट शिथिल 'करू शकते', म्हणजे कोणीतरी ते मागितले पाहिजे, नीट मांडले पाहिजे, पुरावे जोडले पाहिजेत. जो माणूस 'विशेष शाळेत' ढकलला गेला, ज्याला कचेरीची भाषा परकी आहे, त्याच्यासाठी ही सुधारणा सल्लागाराविना निरुपयोगी होती. कायदा बदलला त्या दिवशी वकिलांचे काम संपायला हवे होते. प्रत्यक्षात ते तेथून वाढले.

२०/ चेक हेलसिंकी समितीने उच्चायुक्तालयाच्या पाठबळावर नागरिकत्वविषयक सल्लाकेंद्र चालवले, ते या काळात. येथील काम इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच येते, कारण त्यात भाषणे नाहीत, मोर्चे नाहीत. एखाद्या माणसाचा आजोबा नेमका कोणत्या खेड्यात जन्मला, ते शोधा. स्लोवाकियातील निबंधकाला पत्र लिहा. चारित्र्याच्या दाखल्यात पाच वर्षांची मर्यादा नेमकी कोणत्या तारखेला संपते, ते मोजा. कधीकधी काही महिने थांबून अर्ज करणे हाच शहाणपणाचा सल्ला. वसतिगृहातील 'तात्पुरत्या' नोंदीमागचे खरे वास्तव्य दाखवण्यासाठी जुने कागद धुंडा. आपल्याकडे जातीच्या दाखल्यासाठी भटक्या-विमुक्त कुटुंबांना पन्नास वर्षांपूर्वीचा रहिवास सिद्ध करताना जे हेलपाटे पडतात, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या कामाचे वर्णन करून सांगायची गरज नाही.

२१/ एका गटाचा उल्लेख वेगळा करायला हवा : बालगृहांतील मुले. सरकारी संस्थांत वाढणाऱ्या मुलांत रोमा मुलांचे प्रमाण मोठे होते. त्यांचे आईवडील कागदावर स्लोवाक, म्हणून तीही स्लोवाक. त्यांच्या वतीने मुदतीत अर्ज करण्याची जबाबदारी मोठ्यांची होती. पण आईवडील बेपत्ता किंवा दूर, आणि पुष्कळ ठिकाणी संस्थेच्या व्यवस्थापनाला तसे सुचले नाही. मूल अठरा वर्षांचे होऊन बाहेर पडे तेव्हा कळे, की ज्या राज्याने आपल्याला वाढवले त्याचे आपण कोणीच नाही. येथे 'गुन्हेगारांना नागरिकत्व का द्यावे' हा नेहमीचा सवालही लागू होत नव्हता, आणि म्हणूनच या मुलांच्या प्रकरणांनी सरकारला सर्वाधिक अडचणीत आणले.

तुरुंगातील कैद्यांचेही असेच. मुदत चालू असताना ते आत होते. सुटून आले तेव्हा मुदतही गेली होती आणि देशही.

२२/ हळूहळू राजकीय हवा बदलली. १९९७ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील सुखी जीवनाचा एक कार्यक्रम चेक दूरचित्रवाणीवर दाखवला गेला आणि शेकडो रोमा कुटुंबांनी आश्रय मागण्यासाठी कॅनडाची वाट धरली; ऑक्टोबरात कॅनडाने चेक नागरिकांवर व्हिसाची अट घातली. रोमांचा प्रश्न आता प्रत्येक चेक पर्यटकाच्या पारपत्रापर्यंत आला. युरोपीय संघात प्रवेशाची बोलणीही दारात होती. फेब्रुवारी १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी माफी जाहीर करून कमी गंभीर गुन्ह्यांसाठी स्लोवाक नागरिकांना दिलेल्या हद्दपारीच्या शिक्षा मागे घेतल्या. हावेल ज्या 'चार्टर ७७' चळवळीतून पुढे आले, तिने १९७८ मध्येच रोमांच्या स्थितीवर एक स्वतंत्र निवेदन काढले होते. साम्यवादी काळात असे बोलणारे फार थोडे होते.

२३/ अखेर १९९९. त्या वर्षीच्या १९४ क्रमांकाच्या दुरुस्ती कायद्याने गाठ सुटली. जो ३१ डिसेंबर १९९२ रोजी चेकोस्लोवाक नागरिक होता आणि तेव्हापासून चेक भूमीवर राहत आला आहे, त्याने एक निवेदन करावे आणि चेक नागरिक व्हावे. गुन्ह्यांची तपासणी नाही, मंत्रालयाची मेहेरबानी नाही. सप्टेंबर १९९९ पासून हे लागू झाले. विभाजनाला पावणेसात वर्षे झाली होती. १९९२ च्या डिसेंबरात ज्या दोन वाक्यांत ही गोष्ट लिहिता आली असती, ती लिहायला इतका काळ लागला.

२४/ त्याच शरद ऋतूत, ऑक्टोबर १९९९ मध्ये, उस्ती नाद लाबेम शहरातील मातिच्नी रस्त्यावर रोमा राहत असलेल्या इमारती आणि समोरची घरे यांच्यामध्ये स्थानिक प्रशासनाने भिंत उभी केली. जगभर ओरड झाली आणि नोव्हेंबरात ती पाडावी लागली. नागरिकत्वाचा कागद आणि ही भिंत एकाच मोसमातील.

२५/ एक योगायोग सांगण्याजोगा आहे. देश फुटताना माणसांच्या नागरिकत्वाचे काय व्हावे, याचे सर्वसाधारण नियम संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय विधी आयोग याच वर्षांत घडवत होता. त्या कामाचे विशेष प्रतिवेदक होते वात्स्लाव मिकुल्का, प्रागचेच विधिज्ञ. १९९९ मध्ये मसुदा पूर्ण झाला. राज्याच्या उत्तराधिकारामुळे कोणीही राज्यविहीन होऊ नये, आणि माणूस जेथे नेहमी राहतो तेथील नागरिकत्वाचा तो धनी मानावा, हा त्याचा गाभा. १९९७ च्या युरोपीय नागरिकत्व करारातही असाच विचार आहे : राज्याशी खरा, परिणामकारक संबंध, नेहमीचे वास्तव्य आणि व्यक्तीची इच्छा यांचा विचार व्हावा. चेक अनुभव समोर नसता तर हे मसुदे इतक्या नेमक्या शब्दांत आले असते का, याविषयी मला शंका आहे.

२६/ चेक प्रजासत्ताक यात एकटे नाही, हेही नोंदवू. स्लोव्हेनियाने २६ फेब्रुवारी १९९२ रोजी २५,६७१ रहिवाशांची नावे कायम वास्तव्याच्या नोंदवहीतून गुपचूप पुसली. ते अन्य युगोस्लाव्ह प्रजासत्ताकांतून आलेले होते आणि त्यांतही रोमा होते. 'पुसलेले' हेच त्यांचे नाव पडले. २०१२ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाच्या विस्तारित पीठाने स्लोव्हेनियाला दोषी धरले. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

२७/ प्रागमधील नागरिकत्वाचे सल्लाकेंद्र पुढे स्वतंत्र संस्था झाले. तेथे येणारा माणूस आता नागरिक होता, पण त्याच्या तक्रारी संपल्या नव्हत्या. हॉटेलात चहा नाकारला, घर भाड्याने दिले नाही, फोनवर रिकामी असलेली नोकरी चेहरा पाहताच भरली गेली. कार्यकर्त्यांनी एक रोमा आणि एक बिगररोमा असे दोघे उमेदवार एकाच ठिकाणी पाठवून भेदभावाचे पुरावे गोळा करण्याची पद्धत अवलंबली आणि प्रकरणे न्यायालयात नेली.

२८/ याच सुमारास, २००० साली, ओस्त्रावा शहरातील अठरा रोमा मुलांच्या वतीने युरोपीय मानवाधिकार न्यायालयात अर्ज दाखल झाला. बौद्धिक दृष्ट्या मागास मुलांसाठी असलेल्या 'विशेष शाळां'त आपल्याला केवळ रोमा म्हणून टाकले गेले, अशी त्यांची तक्रार होती. १३ नोव्हेंबर २००७ रोजी विस्तारित पीठाने तेरा विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्रात सुरुवातीलाच अर्जदारांची ओळख दिलेली आहे. ती अठराही मुले चेक नागरिक होती.